पत्र्याची पोटरी

बेतायच्या टेबलावर चित्रांचे कागद पसरू नकोस, हे सुनेला सांगून सांगून मास्तरीणबाईंच्या जिभेला घट्टे पडले होते. पण ऐकेल ती सून कसली! घरात दुसरं टेबल नाही, हे खरं. पण हे टेबल एकतीस वर्षं कापडासाठीच होतं, आणि त्यावर पत्र्याच्या माणसांच्या मारामाऱ्या चाललेल्या त्यांना खपत नव्हत्या.

त्यांची शाळा दुसरीतच सुटली होती. तरी हातात कात्री आणि गळ्यात टेप, म्हणून सगळी गिऱ्हाइकं मास्तरीणबाईच म्हणत, आणि त्यांनाही ते हक्काचं वाटे. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मापाचे कापलेले कागद भिंतीवर खिळ्यांना टांगलेले असत. त्यांवर नावं लिहिण्याच्या भानगडीत त्या पडत नसत. कोपऱ्यात नळ काढला की तो प्लंबर, दात काढला की ती दातांची डॉक्टरीण.

त्या सकाळी प्लंबरच्या शर्टाच्या बाहीसाठी कागद हवा होता. टेबलावर एक जाड, कोरा कागद दिसला. पेन्सिलीने खूण केली, कात्री चालवली, बाही सुटी झाली. कोपऱ्यात नळ काढावा म्हणून त्यांनी ती उलटली, तर मागे चकचकीत पोलादी खांदा!

चहा घेऊन आलेली सून दारातच थिजली.

"आई! शेवटचं पान होतं ते!"

"मग पालथं का ठेवलंस?" चूक झाली असं म्हणायला त्यांची जीभ कधी वळलीच नव्हती.

सून खुर्चीत बसली. रडली नाही, ते मास्तरीणबाईंना जास्त लागलं.

"संपादकांनी हे पान दोनदा परत पाठवलंय," ती म्हणाली. "म्हणतात, हा यंत्र वाटतो, माणूस वाटत नाही. आज तीन वाजता शेवटचं बघायला येणार आहेत. नाही पटलं तर लोहकायची ही चित्रकथाच बंद. पाच वर्षं काढतेय मी त्याला."

मास्तरीणबाईंनी कापलेली बाही पुन्हा भोकात बसवली आणि डोळे बारीक करून चित्र पाहिलं. पाच वर्षांत सुनेचा कागद त्यांनी पहिल्यांदाच असा निरखून पाहिला होता.

"आहे कोण हा?"

"आग विझवणारा होता. एका आगीत शरीर गेलं, मेंदू तेवढा वाचला. तो या पोलादी शरीरात बसवलाय. आता तो घरी आलाय आणि आईला त्याची ओळख पटवायचीय. चेहरा नाही, आवाजही यंत्राचा."

"जेवतो का?"

"नाही."

"झोपतो?"

"मेंदूला झोप लागते, म्हणून थोडा."

"आणि नाक खाजलं तर?"

"नाकच नाही त्याला, आई."

"नाक नसेल. डोकं तर तेच ना? तुझ्या सासऱ्यांची दोन बोटं छापखान्यात गेली. सात वर्षं तीच दोन खाजायची. मी रोज हवेत खाजवून द्यायचे, तेव्हा कुठे त्यांचा डोळा लागायचा."

सुनेने कप खाली ठेवला. "हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"तू कधी विचारलंस? बरं, हा काय बोलतोय?"

"'आई, मी तुझाच मुलगा आहे.'"

"असं कोण बोलतं गं? आणि उभा बघ कसा, छाती काढून! माप देताना माणसं अशीच उभी राहतात, खोटी. म्हणून मी आधी त्यांना बोलतं करते. बोलता बोलता खांदा पडला की मग टेप लावते. हा माणूस होता तेव्हा दारात आल्यावर काय करायचा?"

"ते... ठरवलं नाही कधी."

"पाच वर्षं पोसलास, आणि दारात कसा उभा राहतो ते ठाऊक नाही?" त्यांनी दुरुस्तीच्या ढिगातून एक पँट ओढून टेबलावर टाकली. "ही कोणाची, सांग."

डाव्या पायाचं कापड पोटरीवर झिजून जाळी झालं होतं.

"ह्यांची," सून म्हणाली. "घरात शिरताना बुटाचं टोक पोटरीला पुसतात ना..." आणि बोलता बोलता थांबली.

"लहानपणापासून. मला मान वर करावी लागत नाही. घासल्याचा आवाज आला की पाठमोरीच सांगते, हात धुऊन घे."

सून ताडकन उठली. जाड कागद संपले होते, तेव्हा मास्तरीणबाईंनी खाकी कागदाच्या गुंडाळीतून हातभर कागद फाडून दिला. मग सुईत दोरा ओवायच्या निमित्ताने तिथेच घुटमळल्या. दोरा काही ओवला गेला नाही.

"पोलादावर पोलाद घासलं तर आवाज कसा येईल?" सुनेने मान वर न करता विचारलं.

मास्तरीणबाईंनी मोठ्या कात्रीचं पातं इस्त्रीच्या तळावर घासलं. दोघींचेही दात शिवशिवले.

"अस्साच काढ," त्या म्हणाल्या. "दात शिवशिवले पाहिजेत."

तीनला संपादक आले. पिशवी वाहून वाहून उजवा खांदा दोन बोटं उतरलेला. मास्तरीणबाईंनी ते दारातच टिपलं. खाकी कागद बघून संपादकांनी आधी भुवया चढवल्या, मग खुर्ची ओढली. तीनच चित्रं होती. उंबऱ्यावर थांबलेला लोहकाय. पोलादी पोटरीवर घासणारं पोलादी पाऊल, आणि तिथे उमटलेला ताजा ओरखडा. तिसऱ्यात भांडी घासणारी पाठमोरी आई, आणि तीन शब्द: हात धुऊन घे.

"ती वळून का बघत नाही?" संपादकांनी विचारलं.

"कशाला बघेल?" मास्तरीणबाईंनी मध्येच तोंड घातलं. "पोरगा तिचाच आहे."

संपादकांनी चित्रातल्या ओरखड्यावरून बोट फिरवलं. मग कागदाची नीट गुंडाळी करून त्यांनी ती पिशवीत घातली. "नाही बंद करत," ते सुनेला म्हणाले. "ह्या शरीरात त्याला अजून काय काय आठवतं, ते मलाच बघायचंय आता."

ते गेल्यावर सून भराभर टेबलावरचे रंग आवरायला लागली.

"राहू दे ते," मास्तरीणबाई म्हणाल्या. "खिडकीकडची बाजू तुझ्या पत्र्याची, इकडची माझी. पण पालथा कागद दिसला की माझी कात्री चालणार, सांगून ठेवते. हात चांगला आहे तुझा, विचारायचाच तेवढा आळस. आणि हे बघ, प्लंबरच्या बाहीवर नळ तू काढ. माझा नळ बगळ्यासारखा दिसतो."