ओल्या खुर्चीचा अध्यक्षीय समारोप

विनोद निर्मळ असावा, असे भालचंद्रराव नेहमी सांगत. निर्मळ व्हायला पाणी लागते. त्यांच्या सर्वांत गाजलेल्या विनोदाला ते मी पुरवले होते.

आम्ही दोघे मेहकरच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवत होतो. एका निरोप समारंभात त्यांनी प्राचार्यांची केलेली नक्कल, मान्य करायला हवे, अप्रतिम होती. मी मोकळेपणाने हसले, आणि उठले तेव्हा खुर्चीची गादी ओली होती. बाळंतपणांनी सैल झालेल्या शरीराची ती साधी तक्रार होती. बाकीच्यांनी नजर वळवली. भालचंद्ररावांनी कथा लिहिली.

'ओली खुर्ची' मलकापूरपासून दुसरबीडपर्यंत व्यासपीठाव्यासपीठावर झाली. नाव त्यांनी कधीच घेतले नाही. "आमच्या स्टाफमधल्या एक विदुषी," एवढेच म्हणत. स्टाफमध्ये स्त्री एकच होती. शेवटच्या वाक्याआधी ते थांबत, चष्मा पुसत आणि मग म्हणत, "हासल्या बाई, अन् भिजली खुर्ची!" सभागृह लोटपोट होई. मी हसणे सोडले. शिंक येताना पाय आवळून भिंत धरू लागले. पुढे माझ्या गंभीरपणावरही त्यांनी एक कथा रचली.

निवृत्तीनंतर व्यायाम केले, थोडा फरक पडला, पुरेसा नाही. अखेर बुलढाण्याला डॉ. योगिनींकडे गेले. सोबत शेजारच्या गोजरबाई होत्या. डॉक्टरांनी भरल्या मूत्राशयानिशी मला उभे करून जोरात खोकायला लावले आणि व्हायचे ते झाले. त्या हसल्या नाहीत. मूत्रमार्गाखाली आधाराला एक अरुंद पट्टी बसवायची, तिला स्लिंग म्हणतात, असे त्यांनी शांतपणे समजावले.

"स्लिंग म्हंजे गोफण का झोयी?" गोजरबाईंनी विचारले.

"झोळीच म्हणा, आजी. आधार देणारी."

"तुमी झोयी म्हना. या मास्तरीनबाईच्या डोयात मले गोफण दिसून राह्यली."

पट्टी कृत्रिम जाळीची घालता येते किंवा रुग्णाच्याच पोटाच्या स्नायूवरील आवरणातून कापून घेता येते. दुसऱ्या प्रकारात जखम मोठी, दुखणे अधिक. मी दुसरा प्रकार निवडला. या कामासाठी मला उसने काही नको होते.

"हसताना, खोकताना आता गळू नये," शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर म्हणाल्या. "पण एकदम घाई होऊन धरवत नाही, ते दुखणं वेगळं. त्याला ही पट्टी उपयोगाची नाही."

ते दुखणे कोणाला आहे, हे मला ठाऊक होते. अलीकडे प्रत्येक समारंभात भालचंद्ररावांना सारखे फोन येत. फोन कानाला लावून ते लगबगीने बाहेर जात. फोनचा पडदा काळा असे.

जखम पुरती भरल्यावर काही महिन्यांनी सत्कार समितीचे चिटणीस इंद्रभान घरी आले. "सरांचा अमृतमहोत्सव आहे, मॅडम. अध्यक्षपद तुम्ही स्वीकारावं. सरांनीच नाव सुचवलं."

अर्थातच. विषय व्यासपीठावर बसलेला असला की कथा अधिक खुलते. मी होकार दिला.

समारंभाला गोजरबाई पहिल्या रांगेत, नव्या लुगड्यात. मी मुद्दाम तांब्याभर पाणी पिऊन गेले. शाल, श्रीफळ झाले. सत्काराला उत्तर देताना भालचंद्ररावांनी अपेक्षेप्रमाणे 'ओली खुर्ची' काढली, माझ्याकडे पाहत चष्मा पुसला आणि टाळ्या घेऊन बसले. मग मी उभी राहिले. सत्कारमूर्तीने अध्यक्षीय भाषणातून उठू नये, हा आपल्या सभांचा अलिखित नियम आहे. मला तो फार आवडतो.

"त्या बाई मी," मी म्हणाले.

हे दुखणे किती बायका गप्प बसून सोसतात, त्यावर उपाय काय आणि तो माझ्यावर कसा झाला, ते मी साध्या शब्दांत सांगितले. मागच्या रांगांतल्या बायका पुढे सरकून ऐकू लागल्या. मग मी सत्कारमूर्तींच्या साहित्याकडे वळले. पहिला संग्रह, त्याची प्रस्तावना, शैलीची उगमस्थाने. दुसरा संग्रह. भालचंद्रराव खुर्चीत पुढे सरकले, मागे सरकले. त्यांचा हात खिशाकडे गेला.

मी भाषण थांबवले. "फोन आलाय का, भालचंद्रराव? घेऊन या. आम्ही सगळे थांबतो."

सारे सभागृह त्यांच्याकडे वळले. त्या क्षणी उठणे शक्य होते. माझ्याकडून वाट मोकळी होती. ती त्यांच्या अहंकाराने अडवली.

"छे, छे. फोन नाही. चालू द्या."

"तुमची आज्ञा," मी म्हणाले आणि तिसरा संग्रह उघडला.

त्यातला एक विनोद खरोखर चांगला आहे. तो वाचून दाखवताना मी हसले. निरोप समारंभानंतर प्रथमच, खळखळून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पाणी तेवढेच आले. बायका हसू लागल्या. गोजरबाई तोंडाला पदर लावून ओरडल्या, "बाई, पुरे करा! माह्यं लुगडं नवं हाय!" त्यावर तर सभागृह फुटलेच. भालचंद्रराव मात्र हसत नव्हते. त्यांनी डोळे मिटले होते.

चौथ्या संग्रहानंतर मी समारोप केला. इंद्रभान यांनी राष्ट्रगीतासाठी उभे राहण्याची विनंती केली. सगळे उभे राहिले. सत्कारमूर्ती बसून होते, सत्काराची शाल मांडीवर घट्ट धरून.

राष्ट्रगीत संपले. लोक दाराकडे निघाले. ते खालूनच पुटपुटले, "शारदाताई, हे... कोणाले सांगू नका."

मी माझा चष्मा काढला आणि सावकाश पुसला.

"नाव घेणार नाही," मी म्हणाले.