लेबल नसलेली डबी

मोरेश्वर कंपाउंडरनी क्रीमच्या दोन्ही डब्या खिडकीतल्या उजेडात सरकवल्या आणि भिंग धरून बारीक अक्षरं पुन्हा वाचायला घेतली. सौंसरच्या एका डॉक्टरकडे बावीस वर्षं औषधं घोटत आलेला माणूस. अर्धं गाव त्यांनाच डॉक्टर समजायचं आणि तेही फारसं नाकारायचे नाहीत.

"हिच्यात पाणी, स्टिअरिक ॲसिड, ग्लिसरीन, वास. तिच्यातही तेच, झिंक तेवढं जास्त." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "याच्यानं चेहरा जळत नाही, नत्थूजी. गोराही होत नाही."

नत्थूजी म्हणजे त्यांच्या लेकीचे, कुसुमचे सासरे. ती सासरी लावायची त्या क्रीमच्या डब्या घेऊन सकाळच्या मोटारीनं पांढुर्ण्याहून आले होते. कुसुम आतल्या दाराशी, गालावर पदर ओढून उभी होती. गाल लालभडक झाले होते, साल निघत होती, उन्हात गेलं की आग आग व्हायची. सासरी रोगाची कुजबुज सुरू झाली तेव्हा तिचा नवरा देवीदास तिला माहेरी सोडून गेला, त्याला महिना झाला. निघताना तो रडला होता. त्या रडण्याच्या आधारावर ती दिवस काढत होती.

नत्थूजींनी पिशवीतून काचेची तिसरी डबी काढली.

"इच्यावर तं काहीच लिवलं नाही. सूनबाईच्या पेटीत सापडली."

बाबांनी ती हातात घेतली नाही. ती वाचायला त्यांना भिंग लागत नव्हतं, हे कुसुमला ठाऊक होतं. रामाकोन्याचं स्थळ 'पोरगी काळी' म्हणून परत गेलं, ते चौथं. त्याच आठवड्यात बाबांनी दवाखान्यातलं खाजेवरचं स्टेरॉइडचं मलम, डाग घालवायचं औषध आणि कोल्ड क्रीम खलात एकत्र घोटलं होतं, डॉक्टरांना न विचारता. पंधरा दिवसांपुरतंच लावायचं होतं. पण दीड महिन्यात ती अशी उजळली, की देवीदासनं पाहायला आल्याआल्याच होकार दिला. मग थांबायची छाती ना बापाला झाली ना लेकीला. दर महिन्याला भरलेली डबी पांढुर्ण्याला जात राहिली. आईविना वाढलेल्या पोरीसाठी बाबा जीव टाकत होते, त्यात खोट नव्हती.

नत्थूजी खाकरले. माणूस वाईट नव्हता.

"हे पाहा इवाई, सरळ बोलतो. औषध चुकलं असन तं चुकलं, माणसाच्या हातून होते. देवीदास थांबाले तयार हाय. जेवत नाही धड, तिचंच नाव घेऊन राहिला. मी तुमच्या डॉक्टरसायबाले विचारतो, किती दिवसात बरं होईन ते. पण पोरीनं सोताच्या मनानं काही लावून आमाले गोरं तोंड दाखवलं असन, तं मंग नाही. कोनं देल्ली ही डबी?"

डॉक्टरांचं नाव निघताच बाबांनी भिंग पुन्हा उचललं. नोकरी जाईल, गावातलं नाव जाईल. पण ते एवढंच म्हणाले असते, 'मी दिली', तर कुसुमचा संसार वाचत होता.

तिनं वाट पाहिली. बाहेर कोणीतरी संत्र्यांच्या पेट्यांना खिळे ठोकत होतं. एक पेटी पुरी झाली, दुसरी सुरू झाली. बाबा मान खाली घालून भिंगाची काच धोतरानं पुसत होते. पुसून झाली तरी पुसतच होते.



"मीच आणली, मामाजी," ती म्हणाली. "इथल्या बाजारातून, लग्नाच्या अगोदर. बाबाले माईत नाही."

नत्थूजींनी पिशवीची घडी घातली. मग ते उठले. बाबा लगबगीनं चपला घालून त्यांना पोहोचवायला मोटार स्टँडवर गेले.

कुसुमनं चूल पेटवली, भाकरी थापल्या. स्टँड काही जवळ नव्हतं. दोन माणसं सोबत चालली की बोलणं निघतंच. एवढ्या वाटेत बाबा सांगतील, असं तिला मनापासून वाटत होतं. परत येतील ते नत्थूजींना घेऊनच येतील, म्हणून तिनं दोन भाकरी जास्तीच्या टाकल्या.

बाबा एकटेच आले. दारातच थांबले.

"मोटार लगेच भेटली त्यायले," ते म्हणाले.

"हात धुऊन घ्या, बाबा," ती म्हणाली. "जेवाले वाढते."