रविवारी बंद पडणारं वाय-फाय

माझी आई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाली, त्या वर्षी तिने लॅपटॉप घेतला. आठ वर्षांत तो इतका सुस्तावला, की आई तो सुरू करून भाजी निवडायला बसायची. हे माझ्या नवऱ्याने पाहिलं आणि त्याच्या अंगात संचारलं.

"आई, यावरची जुनी सिस्टिम काढून लिनक्स टाकून देतो. जगभरच्या लोकांनी मिळून बनवलंय. हरणासारखा पळेल बघा!"

रविवारी त्याने ते टाकलं. लॅपटॉप खरंच पळायला लागला. फक्त वाय-फाय गायब. नवऱ्याने तीन तास खाटखूट केली, काळ्या पडद्यावर काहीबाही टाइप केलं आणि शेवटी घामाघूम होऊन जाहीर केलं, "वायरलेस कार्डच टुकार आहे. पुढच्या रविवारी बघतो."

"मी बघू का जरा?" आईने विचारलं.

"नको हो आई, तुम्ही हात लावू नका. हे जरा टेक्निकल आहे."

चौतीस वर्षं अख्ख्या शहराच्या तारा जुळवलेल्या बाईला हे ऐकवलं! आई नुसती हसली. तिचं ते हसणं मी लहानपणापासून ओळखते. मी आपली चप्पल शोधायला लागले.

सोमवारी दुपारी आईचा व्हिडिओ कॉल आला. लॅपटॉपवरून.

"अगं, कसं केलंस?"

"वाचलं. तुझा नवरा पडद्यावरचं सगळं भराभर वर सरकवत होता. त्यातच लिहिलं होतं, कार्ड सापडलं, पण ते चालवणारी फाइल मशीनमध्ये नाही."

"पण ती फाइल आणायलाच इंटरनेट लागणार ना?"

"म्हणून मोबाइल केबलने जोडला आणि त्याचं इंटरनेट लॅपटॉपला दिलं. फाइल आली, मशीन बंद करून सुरू केलं, झालं. आणि हे बघ, जावईबापूंना यातलं अक्षर सांगायचं नाही."

त्या लॅपटॉपच्या कडेला वायरलेस बंद करायचं नखाएवढं बटण होतं. पुढच्या रविवारी आम्ही बेल वाजवली आणि आईने दार उघडण्याआधी ते सरकवलं. नवऱ्याच्या ते बटण गावीही नव्हतं. तो मांडी ठोकून बसला. आई शेजारी खुर्ची ओढून अधूनमधून विचारायची, "फारच टेक्निकल आहे का हो?" मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत पळायचे आणि टॉवेलमध्ये तोंड खुपसून हसायचे. पासवर्ड कसा असावा यावर मी घरी रोज नवऱ्याचं व्याख्यान ऐकते, त्यामुळे माझ्या मनाला काही टोचलं नाही.

असे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी नवऱ्याने मशीनची नोंदवही उघडली. लिनक्स प्रत्येक बारीकसारीक गोष्ट वेळेसकट लिहून ठेवतं. तो वाचत गेला आणि त्याचे कान लाल होत गेले. मी पाणी प्यायला उठले नाही.

"आई," तो अगदी गंभीरपणे म्हणाला, "कार्ड मेलंय. लॅपटॉप घरी नेतो. दोन महिने तरी लागतील."

आईचा चेहरा पडला. तिचा इंटरनेटवर कुणा अनोळखी माणसाशी बुद्धिबळाचा डाव अर्धा राहिला होता, आणि समोरच्याचा वजीर तिच्या हातात येत होता.

"अहो, परत एकदा बघा ना. होईल सुरू."

"होतं की! सोमवार ते शनिवार छान चालतं. रविवारी अकरा वाजून चार मिनिटांनी बटण बंद. आम्ही बेल वाजवतो अकरा वाजून तीन मिनिटांनी."

आई पुढे वाकली. "हे सगळं लिहिलेलं असतं? कुठे? दाखवा बघू."

नवऱ्याने दाखवलं. मग जरा घुटमळून त्यानेही विचारलं, "ती फाइल कशी आणलीत?" मोबाइल आणि केबलचं ऐकल्यावर तो कपाळावर हात मारून इतका हसला, की आईलाही राहवेना.

नंतर वरच्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाईंच्या कॉम्प्युटरमधून आवाज येईनासा झाला, तेव्हा दोघं मिळून गेली. दोन तास वर नुसती भांडणं ऐकू येत होती. खाली आल्यावर आई माझ्या कानात म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला वाचायचा कंटाळा आहे." गाडीत बसल्यावर नवरा म्हणाला, "तुझ्या आईला अजून बरंच शिकायचंय."

मी दोघांनाही "अगदी खरं" म्हटलं.