सावत्र नणंद

सोमवारी सकाळी नणंद मोडली.

म्हणजे घरातली नव्हे. घरातली नणंद, जिला सगळे धाकटी म्हणत, ती त्या वेळी जुन्या हार्वेस्टरच्या पोटाखाली उताणी पडून मोडलेल्या नणंदेकडे बघत होती. अडतीस वर्षांच्या त्या यंत्राच्या भागांना नावं ठेवली होती तिच्या वडिलांनी, अण्णांनी. सगळ्यांना फिरवणारं मोठं चाक म्हणजे सासरा. शेजारीशेजारी चालणाऱ्या आणि सारख्या एकमेकींना घासणाऱ्या दोन साखळ्या म्हणजे जावा. आणि पट्ट्यावर बाहेरून दाब देणारी छोटी पुली, ती नणंद. नणंद स्वतः काही काम करत नाही, नुसती दाबून धरते. पण ती नसली की पट्टा सैल पडतो, सासरा एकटाच गरगरत राहतो आणि दाणा ओंबीत तसाच राहतो.

अण्णांना जाऊन दोन वर्षं झाली होती. यंत्राचं सगळं आता धाकटी बघायची. गहू कापणीला आला होता.

"शुक्रवारी संध्याकाळपर्यंत चालू झालं तर ठीक," दादा म्हणाला. "नाहीतर शनिवारी भंगारवाले काका ते घेऊन जातील. गहू भाड्याच्या मशीनने कापू. मी त्यांना सांगून ठेवलंय."

"मला विचारायचं तरी!"

"तू मशीनखाली होतीस. नेहमीच असतेस."

धाकटीने तडक फोन लावला. "हॅलो, एक नणंद पाहिजे होती."

"बाई, हे स्पेअर पार्टचं दुकान आहे."

"पट्टा ताणणारी पुली हो. पुस्तकात आकृती सात, नंबर चौदा."

"मग तसं सांगा ना."

फोन ठेवून ती वळली, तर वहिनी दारात उभी. "मागवताय ती मशीनसाठीच ना, वन्सं? मला आहे ती एक पुरे."

बुधवारी नंबर चौदा आली. तेलकट कागदात गुंडाळलेली, चकचकीत, आणि बसेना. दांडा जाड, पुलीचं भोक बारीक. भोकात बेअरिंग, त्यामुळे ते कोरून मोठं करायचीही सोय नाही. धाकटीने तीनदा मोजलं. तिन्ही वेळा माप तेच आलं. तिने दुकानदाराला कळवलं.

"पुस्तकाप्रमाणे बरोबर आहे," दुकानदार म्हणाला.

"म्हणजे मशीन चुकलं?"

"तसंच दिसतंय."

गुरुवारी सकाळी तिने अण्णांची वही काढली. वहीत अण्णा कमी शब्दांत लिहीत. "जावा: एक कडी कमी केली. भांडण मिटलं." "सासरा: ग्रीस पाजलं. शांत." आणि एका पानाच्या तळाशी, "नणंद: सावत्र आणली. स्वभावाने बरी."

ही ओळ धाकटी लहानपणापासून वाचत आली होती आणि दर वेळी हसली होती.

वहिनी मात्र हसली नाही. तिने वही हातात घेतली. "सावत्र म्हणजे आपल्यातली नव्हे. दुसऱ्या घरातून आलेली."

"दुसऱ्या मशीनची!" धाकटी म्हणाली. "म्हणून दांडाही तिच्या मापाचा, जाड बसवला. आणि मी तीस वर्षं याला विनोद समजले."

"विनोदही असेल. पण अण्णा जुने भाग कुठून आणायचे?"

अण्णा ते भंगारवाल्या काकांच्या आवारातून आणायचे. म्हणजे ज्यांची गाडी शनिवारी येणार होती, त्यांच्याच.

दोघी तिथे पोचल्या तेव्हा काका फाटकाशी खुर्ची टाकून बसले होते. धाकटीने मोडलेली पुली त्यांच्यापुढे धरली. "आम्हाला अशीच एक पाहिजे."

"मी शनिवारी येतोच आहे की."

"म्हणून तर आज आलो."

काकांनी पुली उलटसुलट करून पाहिली. "ही चारा कापायच्या मशीनची. तुझ्या वडिलांना मीच दिली होती. दोन होत्या."

"दुसरी कुठे आहे?"

काकांनी फाटकाच्या खाली बोट दाखवलं. लोखंडी फाटक रुळावर सरकायचं, ते त्याच पुलीवर. फाटकाचा खिळा बारीक, म्हणून भोकात चिंध्या कोंबलेल्या.

"ती दिली तर फाटक लागायचं नाही. माझ्या मालाचं काय?"

धाकटीने फाटक जरा उचलून धरलं आणि वहिनीने जुनी पुली उतरवून पिशवीतली नंबर चौदा खिळ्यावर सरकवली. चिंधी न लावता ती घट्ट बसली.

काकांनी दोनदा फाटक सरकवून पाहिलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच ते कुरकुरलं नाही. "म्हणजे मी फाटकही दुरुस्त करून घ्यायचं आणि शनिवारचा मालही घालवायचा?"

"हो," वहिनी म्हणाली.

काकांनी जुन्या पुलीतल्या चिंध्या काढून ती धाकटीपुढे धरली. "घेऊन जा. नाहीतरी ते धूड फोडायला माझ्या माणसांना आठवडा लागला असता."

शुक्रवारी दुपारी धाकटीने सावत्र नणंद बसवली, पट्टा चढवला, नट आवळला आणि वर जाऊन बसली. यंत्र खोकलं, थरथरलं आणि चालू लागलं. दोन फेऱ्यांनंतर तिने ते थांबवलं. टाकीत गहू होता, स्वच्छ, ओंबीतून सुटलेला. दादाने मूठभर उचलला, फुंकर मारली, एक दाणा चावून पाहिला. त्याला खोट काढता आली नाही.

"आता काकांना काय सांगू?" त्याने विचारलं.

"नणंद इथेच राहणार म्हणावं," वहिनी म्हणाली.

दादाने फोन काढला. धाकटीने वहीत लिहिलं, "नणंद: पुन्हा सावत्रच. वहिनीने पसंत केली." मग वही सीटखाली सारून तिने तिसरी फेरी सुरू केली, कारण पलीकडचा सगळा गहू अजून उभा होता.