ठरल्या वेळेआधी

सलग दोन संध्याकाळी तो रशियन उपग्रह ठरल्या वेळेआधी उगवला आणि ठाकुर्लीच्या भगवानचं जेवणावरचं लक्ष उडालं. एक तर उपग्रह आपल्या वाटेवरून खाली उतरला होता, म्हणून फेरी लवकर संपवत होता. नाहीतर भगवानचे डोळे आणि स्टॉपवॉचवरचं बोट, दोन्ही म्हातारे झाले होते. पहिलं खरं असेल तर उपग्रहांच्या वेळा टिपण्याच्या दहा वर्षांच्या नादाचं चीज होणार होतं. दुसरं खरं असेल तर नाद सोडायचा. आपल्याच शेतावर उभ्या राहिलेल्या इमारतीच्या गच्चीवर तो नुसता येरझारा घालत राहिला. एकट्याने टिपलेल्या वेळेवर विश्वास कोण ठेवणार? दुसरा साक्षीदार हवा, आणि असा वेडा अख्ख्या पट्ट्यात एकच, आंबिवलीचा गोपीनाथ.

पण गोपीनाथ बोलत नव्हता. भगवानने मुलीच्या हळदीचं आमंत्रण स्वतः न जाता पुतण्याच्या हातून धाडलं होतं. आगऱ्यांच्या घरात जिवलगाला असं कुणी बोलावतं? गोपीनाथ आलाच नाही. "पत्रिका पोचली ना? मग झालं!" म्हणत भगवानही ताठ राहिला. आता मात्र त्याचा धीर सुटला.

तिसऱ्या दिवशी उजेड असतानाच त्याने गोपीनाथची गच्ची गाठली.

"कशाला आयलास?"

"उपग्रह लवकर येतोय रे. आज माझ्याबरोबर बघ."

"मी बघनं सोडलंय. आधी सांग, माना, तुझ्या दोस्ताला, पुतन्याच्या हातून बोलावनं?"

भगवानला घाम फुटला. इकडे वेळ जवळ येत होती आणि हा बाबा हळद उकरून बसला होता. मांडववाला, आचारी, बँडवाला, सगळ्या सबबी सांगून झाल्या. शेवटी भगवानने त्याचा हात धरला.

"चुकलो रे. पोरगी विचारत व्हती, काका कुठंय?"

गोपीनाथचा चेहरा पडला. मग त्याच्या डोळ्यांना धार लागली, आणि भगवानच्याही.

एकदम भगवान भानावर आला. ठरलेली वेळ अजून व्हायची होती. दोघांनी माना वर केल्या. वेळ झाली, टळूनही गेली. आभाळ लख्ख, पण उपग्रहाचा पत्ता नाही.

"गेला," गोपीनाथ म्हणाला. "आपन रडत व्हतो तवाच गेला. म्हंजे लवकरच आयला. तुझा घड्याळावरचा हात बरोबर हाय."

भगवानला नाचावंसंही वाटलं आणि कपाळ बडवून घ्यावंसंही. साक्षीदार दोन, आणि वेळ एकानेही टिपलेली नाही!

"उद्या ढग आले तं?"

"तं परवा ये," गोपीनाथ म्हणाला. त्याने भगवानचा हात अजून सोडला नव्हता.