काचपेटीत न मावलेली ट्यूब

मित्रांनो, मी दोन फूट लांबीची, विजेच्या दिव्याची एक जुनी ट्यूब आहे. दोन फूट म्हणजे दोनच फूट; बोटभर कमी नव्हे आणि बोटभर जास्तही नव्हे. हे आरंभीच सांगावे लागते, याचाच मला वीट आला आहे.

माझा जन्म परदेशी कारखान्यात झाला. आम्ही बहिणी जाडीने सारख्या, दीड इंचाच्या. परंतु लांबीने कोणी दीड फुटी, कोणी दोन, कोणी चार फुटी. लांबी अधिक तितकी वीज अधिक, आणि ती वीज आवरणारा चोकही प्रत्येकीचा निराळा. शिवाय आमची टोके धरणाऱ्या होल्डरांनाही जागा लागते. इतके साधे ज्ञान मनुष्याने का बाळगू नये?

सन १९४८ च्या उन्हाळ्यात मी कारंजास अमृतलाल या कापडाच्या व्यापाऱ्याकडे आले. त्यांच्या वृद्ध काकी सूरजबाई यांनी आटत्या विहिरीतून अकरा मासे जीवदयेपोटी काढवून दुकानामागच्या काचपेटीत ठेवले होते. पावसाने गावचे तळे भरेपर्यंत त्यांना जगवायचे होते. परंतु त्या अंधाऱ्या खोलीत पाण्यातली रोपे कुजली, पाणी नासले आणि चार मासे दगावले. चौथा गेला त्या दिवसापासून काकींनी दूध-तूप वर्ज्य केले.

वायरमन रामधन याने स्पष्ट बजावले होते, "सेठ, पेटी आतून दोन फूट हाय. ट्यूब दीड फुटी आना. झाकनात होल्डर बी बसले पाह्यजेत."

अमृतलाल हसले. जन्मभर गजाने कापड मोजून वर चार बोटे अधिक सोडणारा तो गृहस्थ! "दोन फुटाच्या पेटीले दीड फूट? लोक म्हनतीन, अमृतलालनं मासोळ्यांलेही कापड कमी फाडलं!"

अशा रीतीने मुंबईहून माझी खरेदी झाली. आणि मी झाकणात मावेना! रामधनने मला उभी, आडवी, तिरपी धरून पाहिले. माझ्या पितळी खिळ्या काचेवर आपटून आपटून वाकायची पाळी आली.

"जास्त झाली न? मंग काच कापाचा हिरा लावून चार बोटं काप," अमृतलाल म्हणाले.

माझ्या पोटातली पाऱ्याची वाफ थिजली!

"सेठजी, हा काय मांजरपाट हाय? कापली का मेली!" रामधन म्हणाला.

"मंग दुसरी मागवतो."

"पंधरा दिवस लागतीन. तवर हे सात राह्यतीन काय?"

सूरजबाई पेटीशी बसल्या होत्या. मासे वर येऊन तोंडे उघडीत होते. त्या म्हणाल्या, "अमृत, झाकन काढ. वरतून टांग तिले."

"उघड्यावर? काकी, अंधार पडला का किडे येतीन, पान्यात पडतीन, अन् मासे त्यायले खातीन. ते पाप कोनाले?"

काकी म्हणाल्या, "मंग दिवसा लाव. किडे यायच्या आधी इझव. मासोळ्यांले उजेड पाह्यजे, तो दिवसाचाच."

मला साखळीने टांगण्यात आले. मित्रांनो, तो अपमान काय वर्णावा! सूर्य तळपत असता मी जळायचे आणि दिवेलागणीस मला विझवायचे. पेठेतले लोक मुद्दाम येत. "काहून हो सेठ, सूर्य कमी पडून राह्यला काय?" अमृतलाल गिऱ्हाइकांपुढे मान खाली घालीत.

तथापि आठवड्यात रोपांना हिरवे कोंब फुटले, पाणी निवळले. सातातला एकही मासा गेला नाही. तळे भरल्यावर काकींनी ते स्वहस्ते सोडले. घरी येऊन प्रथम पेलाभर दूध घेतले, मग पदराने मला पुसून म्हणाल्या, "तुले लई तरास देल्ला वं माय."

त्यानंतर मला कोणी पुसले नाही. आज मी फळीवर धूळ खात आहे.

मित्रांनो, वस्तू आणण्यापूर्वी तिची जागा मोजा, होल्डरांसह मोजा. उदारपणा कापडात करा, आमच्या लांबीत नको. आणि एवढे करूनही ती न मावली, तर तिच्यावर हिरा चालवण्यापूर्वी तिला टांगायला दुसरी जागा आहे काय, एवढे तरी पाहा.