डास नसलेलं गाव

राज्याविषयी फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या गोष्टींची एक पुस्तिका माहिती कार्यालय दर वर्षी काढायचं. गोष्टी जमवणारे पुष्कळ होते, तपासणारी एकच. प्राणिशास्त्र शिकून तिथे लागलेल्या या बाईला सगळे चाळणी म्हणत, कारण निम्म्या गोष्टी तिच्या टेबलावरून खाली गळत. होकायंत्र फिरवणारी टेकडी गळली. टेकडीवर लोखंडी मनोरा निघाला. उलटी वाहणारी नदी मात्र टिकली. भरतीच्या वेळी ती खरंच उलटी वाहते, हे चाळणी काठावर बसून पाहून आली होती.

या वर्षी डास नसलेल्या गावाची गोष्ट होती. साहेबांना ती मुखपृष्ठावर हवी होती. वर्तमानपत्रात गावाविषयी छापून आल्यापासून लोक त्या गावात घरं घेऊ लागले होते, आणि त्यांत चाळणीची धाकटी बहीणही होती. धाकटीची मुलगी डासांच्या तापाने गेली, बोलायला लागली होती तेव्हा. त्यानंतर धाकटी कुणाचं ऐकेनाशी झाली. नवऱ्याला घेऊन ती या गावात आली. आता तिला आठवा महिना लागला होता.

उन्हं उतरताना चाळणी गावात फिरली. गटारं उघडी होती, टाकलेल्या टायरांत पाणी साचलं होतं, तळ्याच्या काठाला गवत होतं. डासांना याहून बरं माहेर मिळालं नसतं. तरी एकही डास नव्हता. तिने पांढऱ्या वाडग्यात तळ्याचं पाणी घेतलं. त्यात अळ्या नव्हत्या. पाणकिडे नव्हते. बेडकांची पिल्लंही नव्हती. तळ्याच्या वरच्या अंगाला कीटकनाशकांचा बंद पडलेला कारखाना होता आणि त्याच्या भिंतीआड गंजलेली पिंपं रचलेली होती. घरोघरच्या नळांना पाणी यायचं ते याच तळ्याचं. तिने प्रयोगशाळेसाठी बाटल्या भरून घेतल्या.

धाकटीच्या खिडक्यांना जाळ्या नव्हत्या. तिच्या नवऱ्याने हसत सांगितलं की आमच्या गावात नाकावर माशी बसू देत नाहीत, ताई, ते असं शब्दशः. चाळणीने बाळाच्या हालचालीचं विचारलं. धाकटी म्हणाली, आधीची रात्रंदिवस लाथा मारायची, हे शहाणं आहे, निजून असतं. नर्सने ठोके पाहिले होते, ठीक होते.

चाळणीने पिशवीतून एक बाटली काढली. तिच्या घरी कुंडीखालच्या ताटलीत डासांच्या अळ्या झाल्या होत्या, त्या तिने सोबत आणल्या होत्या. अळ्या तिने काचेच्या दोन पेल्यांत वाटल्या. एकात तिच्या घरचं पाणी होतं आणि दुसऱ्यात धाकटीच्या नळाचं, उकळून गार केलेलं, कारण धाकटी पाणी उकळल्याशिवाय पीत नसे. अळ्या पाण्याला वरून उलट्या लोंबत होत्या; पेल्याला बोट लागलं की वळवळत खाली जात. तिने दोन्ही पेल्यांवर रुमाल बांधले.

सकाळी पहिल्या पेल्यात वळवळ होती. दुसऱ्यात तळाशी दोऱ्याचे तुकडे पडल्यासारखं दिसत होतं. तिने धाकटीला बोलावलं.

"मेल्या?" धाकटीने विचारलं.

"सगळ्या."

धाकटी वाकून पाहत राहिली. मुलगी गेल्यापासून तिच्या चेहऱ्यावर असं समाधान चाळणीने पाहिलं नव्हतं.

"हातच्या काकणाला आरसा कशाला," धाकटी म्हणाली.

चाळणीने समजावलं. पाण्यात काय आहे ते अजून ठाऊक नाही, प्रयोगशाळा सांगेपर्यंत बाळ जन्माला आलेलं असेल; पण जे उकळूनही गेलं नाही, ते रक्तातून बाळापर्यंत जाऊ शकतं. धाकटी म्हणाली, कुठे डास आणि कुठे माणूस. नवऱ्याने ताई म्हणतात तर, एवढंच म्हटलं. धाकटीने त्याच्याकडे पाहिलं आणि तो चपला शोधायला बाहेर गेला.

"माझ्याकडे चल," चाळणी म्हणाली. "बाळ होईपर्यंत तरी. आजच."

धाकटीने जिवंत अळ्यांच्या पेल्याकडे बोट केलं. "या कुठून आणल्यास?"

"माझ्या घरून."

"म्हणजे या जिथे जगतात, तिथे मी बाळ घेऊन येऊ?"

चाळणीकडे उत्तरं होती. कुंड्या टाकून देईन, जाळ्या लावीन, पाण्याचा थेंब साचू देणार नाही. सगळं तिने सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

धाकटीने रुमाल सोडून तांब्यातलं आपलं उकळलेलं पाणी त्या पेल्यात काठोकाठ ओतलं, स्टूल ओढलं आणि समोर बसली. उठायचं नाव घेईना.

दुपारी साहेबांचा फोन आला. गोष्ट टिकली का, त्यांनी विचारलं.

"खरी आहे," चाळणी म्हणाली. "पण छापू नका. पाण्यात विष आहे."

प्रयोगशाळेचा कागद आहे का, साहेबांनी विचारलं. अजून नव्हता. मग खरी आहे एवढं पुरे, ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

चाळणी अंगणातून आत आली तेव्हा धाकटी तशीच बसून होती, एक हात पोटावर ठेवून.

"बघ ताई," ती मान न वळवता म्हणाली, "हळू व्हायला लागल्यात."

मग तिने दुसऱ्या हाताने तांब्या जवळ ओढला आणि स्वतःसाठी पाणी ओतून घेतलं.